फुलदाणीचे मोल

आपल्या घरात फूल आले की ते कोठे जाते? पहिले देव्हाऱ्यात, दुसरे अंबाड्यात, आणि उरले तर दाराच्या तोरणात. देठासकट फूल आणून ते पाण्यात उभे करावयाचे आणि नुसते पाहत बसावयाचे, ही रीत आपल्याकडे दिवाणखान्याच्या मागोमाग आली. त्यामुळे फुलदाणी ही वस्तू आपल्या कुंभाराच्या जुन्या यादीत नाही. संक्रांतीची सुगडी, नवरात्रातला घट, उन्हाळ्यातला माठ, लग्नाच्या बोहल्यावरच्या उतरंडी आणि शेवटच्या प्रवासातले मडके, एवढ्या प्रसंगी तो आपल्या दारात येतो. जन्मभर आपल्याला ज्याची गरज लागते त्या माणसाच्या कामाविषयी आपल्याला किती थोडे ठाऊक असते, याचा अनुभव आम्हांला एका फुलदाणीच्या निमित्ताने आला. तो श्रोत्यांपुढे मांडावा आणि त्याच्या आधाराने हातच्या वस्तूची किंमत कशाची असते हे समजून घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रसंग साधा आहे. आमच्या परिचयाच्या एका हस्तव्यवसाय शाळेला नवी भट्टी बांधावयाची होती. पैसा हवा म्हणून विक्रीचे प्रदर्शन भरवावे असे ठरले. शेजारच्या वस्तीत एक अनुभवी कुंभार होते. त्यांनी हाताने घडवलेल्या, झिलई दिलेल्या फुलदाण्या द्याव्या, त्या विकाव्या आणि पैसा शाळेला जावा. कुंभार लगेच कबूल झाले. प्रदर्शनाच्या दिवशी एक गृहस्थ फुलदाणी हातात घेऊन म्हणाले, "अहो, मातीचीच ना ही? आणि आठशे रुपये?" शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी त्यांची समजूत घातली, "घ्या हो, शाळेला मदत म्हणून घ्या." गृहस्थांनी घेतली. कुंभार बाजूलाच उभे होते, ते काही बोलले नाहीत.

त्या दोन वाक्यांतले अधिक लागणारे कोणते, असा प्रश्न आम्हांला पडला. पहिल्याने वस्तूची किंमत मातीवर आणली. दुसऱ्याने ती दयेवर आणली. वस्तू म्हणून तिचे मोल दोघांच्याही हिशेबात नव्हते. ते मोल कोठे असते हे पाहावयाचे तर मातीपासूनच आरंभ केला पाहिजे.

माती

माती म्हणजे झिजलेला खडक. फेल्डस्पार नावाचे खनिज ज्या खडकात असते तो ऊनपावसाने हजारो वर्षे झिजत जातो आणि त्यातून अतिशय सूक्ष्म, चपट्या पापुद्र्यांसारखे कण तयार होतात. या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते एकमेकांवरून घसरतात, पण सुटून जात नाहीत. म्हणून ओली चिकणमाती दाबली की वाकते आणि हात काढला की त्याच आकारात राहते. रेती दाबली तर विखुरते, पीठ मळले तर ते हळूहळू परत ओढले जाते. चिकणमाती मात्र बोटाचा ठसा जसाच्या तसा सांभाळून ठेवते. कुंभाराचा सारा धंदा या एका गुणावर उभा आहे.

पण प्रत्येक माती कामाची नसते. आपल्या दख्खनची काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना भेगाळते. कापसाला ती चांगली, मडक्याला नव्हे. म्हणून कुंभार तळ्याचा किंवा नदीचा गाळ निवडतो, चाळतो, त्यात राख किंवा लीद मिसळतो. लीद भट्टीत जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रे राहतात. माठाला ही छिद्रे हवीच असतात. त्यांतून पाणी पाझरते, बाहेरच्या अंगाला त्याची वाफ होते, आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढली जाते. ती उष्णता आतल्या पाण्यातून जाते, म्हणून माठाचे पाणी गार लागते.

माठाचा हाच गुण फुलदाणीत दोष ठरतो. पॉलिश केलेल्या मेजावर पाझरणारी फुलदाणी ठेवली तर दुसऱ्या दिवशी लाकडावर पांढरे वर्तुळ उमटते. तेव्हा फुलदाणीला माती अधिक घट्ट लागते, आच अधिक लागते आणि वर काचेचा लेप लागतो. ज्या कुंभाराने जन्मभर माठ घडवले त्याला फुलदाणी करा म्हणून सांगणे म्हणजे, 'हात तोच ठेवा, पण बाकीचे शास्त्र बदला' असे सांगणे होय. ही गोष्ट आम्हां विनंती करणाऱ्यांच्या ध्यानीही आली नव्हती.

चाक आणि हात

मातीचा गोळा आधी पुष्कळ वेळ मळावा लागतो. आत हवेचा बुडबुडा राहिला तर भिंत तेवढ्या जागी कच्ची राहते. मातीचा ओलावा सगळीकडे सारखा नसला तर चाकावर हात अडखळतो. मग गोळा चाकावर नेमका मध्यभागी बसवावयाचा. पाहणाऱ्याला हे काहीच वाटत नाही, पण शिकणाऱ्याचे पहिले कित्येक आठवडे यातच जातात. गोळा केसभर जरी मध्याबाहेर असला तरी भिंत वर जाताना तो केस वाढत वाढत बोटभर होतो आणि भांडे कोलमडते.

मध्य साधला की अंगठ्याने खळगा पाडावयाचा आणि आतले व बाहेरचे बोट यांच्या चिमटीत भिंत वर ओढावयाची. फुलदाणीचे खरे काम येथून पुढे. पोट फुगवावयाचे, मग मान आवळावयाची. मान आवळताना माती जागच्या जागी गोळा होते व भिंत जाड होते. ती पुन्हा वर ओढून पातळ करावी लागते. हे जमले नाही तर मान पिळल्यासारखी वळते. शेवटी दोऱ्याने भांडे चाकावरून कापून घेतात, दीड-दोन दिवस सावलीत ठेवतात आणि ते चामड्याइतके टणक झाले की उलटे धरून तळ खरवडतात. चांगल्या फुलदाणीचे कौशल्य पाहावयाचे असेल तर ती उलटी करावी. तळ जड आहे की भिंतीला साजेसा आहे, याचे उत्तर तेथे मिळते.

यानंतर वाळवणे. पाणी निघून जाते तसे मातीचे कण जवळ येतात आणि भांडे आकसते. वाळणे आणि भाजणे मिळून उंचीत सुमारे एक दशांशाची घट येते. काठ आधी वाळला आणि तळ मागे राहिला तर दोघांच्या ओढाताणीत चीर पडते. म्हणून कुंभार काठावर ओले फडके घालतो. घरातल्या बायका वाळवणाला जितके जपतात तितकेच हे जपणे असते.

आवा आणि झिलई

पहिल्या भाजणीत सुमारे ९५० ते १००० अंश सेल्सियसपर्यंत आच नेतात. आरंभी फार सावकाश जावे लागते. आत राहिलेल्या ओलाव्याची एकदम वाफ झाली तर भांडे फुटते. पुढे मातीच्या घडणीतच बांधले गेलेले पाणी सुटते, आणि ते गेले की मातीला पुन्हा चिखल होता येत नाही. ५७३ अंशांपाशी आणखी एक अवघड जागा आहे. मातीतल्या गारेचे स्फटिक तेथे आपली ठेवण बदलतात आणि एकदम किंचित फुगतात. निवताना त्याच अंशावर पुन्हा आकसतात. ही जागा घाईने ओलांडली तर भांड्याला चीर जाते. आवा उघडण्याची घाई करू नये, हे आपले कुंभार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. त्याचे कारण स्फटिकशास्त्राने पुढे दिले.

झिलई म्हणजे भांड्यावर वितळवलेली काच. आपल्या घरातली लोणच्याची चिनी मातीची बरणी आठवावी. तिच्यावरचा तुळतुळीत थर तो हाच. गार एकटी वितळावयाची तर सुमारे १७०० अंश लागतात, म्हणून तिच्यात सोडा, पोटॅश, टाकणखार असले पदार्थ मिसळून तिचा वितळबिंदू खाली आणतात. पूर्वी शिसेही वापरीत. पण आंबट पदार्थ शिसे विरघळवतात आणि ते विष पोटात जाते, म्हणून खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी ते वर्ज्य मानले पाहिजे. रंग धातूंचे: कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, लोखंडाचा पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत. दगडी जातीच्या भांड्यांना ही दुसरी भाजणी १२०० अंशांच्या वर लागते. झिलई आणि भांडे निवताना सारख्या प्रमाणात आकसले पाहिजेत. नाहीतर झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात.

भाजलेले भांडे बोटाच्या पेराने वाजवून पाहतात. सणसणीत नाद आला तर पक्के. बद्द आवाज आला तर कोठेतरी चीर आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची मस्तके पारखल्याची आणि नामदेव कच्चे ठरल्याची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. तिच्यामागे कुंभाराची ही रोजची परीक्षा आहे.

आता आमच्या कुंभारांचा हिशेब सांगतो. त्यांनी चाळीस फुलदाण्या चाकावरून उतरवल्या. तीन तळ खरवडताना गेल्या. चार वाळताना चिरल्या. दोन पहिल्या भाजणीत फुटल्या आणि पाचांची झिलई दुसऱ्या भाजणीत ओघळून खाली चिकटली. प्रदर्शनात मांडल्या त्या सव्वीस. म्हणजे प्रत्येक फुलदाणीच्या पोटात अर्ध्याहून अधिक अशी एक न दिसणारी, मोडलेली फुलदाणी होती. आठशे रुपये म्हणणाऱ्या गृहस्थांना ती दिसत नव्हती, आणि ती दाखवण्याचे काम आमचे होते.

न्यू ऑर्लिन्सची गोष्ट

शाळा, कुंभार आणि विक्री यांची सांगड इतरत्र कशी घातली गेली हे पाहू गेल्यास अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचे उदाहरण मोठे उद्बोधक आहे. जोसेफीन न्यूकॉम्ब या बाईंनी आपल्या अकाली वारलेल्या मुलीच्या स्मरणार्थ १८८६ मध्ये तेथे स्त्रियांसाठी महाविद्यालय स्थापन केले. यादवी युद्धाने तो दक्षिणेचा मुलूख खचला होता. शिकलेल्या मुलींना मानाने पोट भरण्याचा मार्ग हवा होता. कलाशिक्षक एल्सवर्थ वुडवर्ड यांच्या पुढाकाराने १८९५ च्या सुमारास महाविद्यालयाने मातीच्या भांड्यांचा कारखानाच काढला. मेरी शीरर या बाई चित्रण शिकवीत. नियम दोन होते: नक्षी लुइझियानाच्या झाडाफुलांची असावी, आणि एकासारखे दुसरे भांडे नसावे.

परंतु चाक मुलींच्या हाती दिले नाही. माती आणणे, चाक चालवणे, भट्टी लावणे ही कामे पुरुषाचीच, अशी त्या काळची समजूत. म्हणून १८९६ पासून जोसेफ मेयर हा फ्रान्समध्ये जन्मलेला कुंभार तेथे भांडी घडवू लागला आणि १९२७ पर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ, घडवीत राहिला. मुली त्यांवर नक्षी कोरीत आणि रंगवीत. विक्रीपूर्वी परीक्षक प्रत्येक वस्तू पाहत. पसंत पडे तीच महाविद्यालयाच्या नावाने विकली जाई. आणि तळावर खुणा असत: महाविद्यालयाची, नक्षी काढणाऱ्या स्त्रीची आणि मेयरची स्वतःची आद्याक्षरे. घडवणारा आणि रंगवणारी या दोघांचीही नोंद वस्तूवरच होती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या भांड्यांना कांस्यपदक मिळाले. १९४० मध्ये कारखाना बंद झाला तोवर सुमारे सत्तर हजार वस्तू घडल्या होत्या. महाविद्यालयाचे स्वतंत्र अस्तित्वही २००६ मध्ये संपले. भांडी मात्र संग्रहालयांतून जपली जात आहेत.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. सेडी अर्विन या कलावतीने शेवाळाच्या झालरी लोंबणाऱ्या ओक वृक्षाची नक्षी काढली. गिऱ्हाइकांना ती इतकी आवडली की तीच पुन:पुन्हा मागितली जाऊ लागली. मागणी आली म्हणजे पैसा आला, आणि पैसा हवाच होता. पण उंच निमुळत्या फुलदाणीच्या अंगाला ही नक्षी मुळीच शोभत नाही, असे पुढे त्या बाईंनीच खंत करीत लिहून ठेवले. एकासारखे दुसरे भांडे नसावे हा नियम कागदोपत्री कायम राहिला, परंतु पाहणाऱ्याला झाड तेच दिसू लागले. शाळेसाठी विक्री की विक्रीसाठी शाळा, हा प्रश्न अशा वेळी नकळत उलटा होतो.

मुंबईचा प्रयोग

आपल्याकडेही हा प्रयोग झाला आहे आणि तो न्यू ऑर्लिन्सच्या आधीचा आहे. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले. तेथे १८७० नंतरच्या दशकात जॉर्ज टेरी यांनी मातीकामाची शाखा उभी केली. झिलईच्या कामात सिंधचे कुंभार फार निष्णात. त्यांना मुंबईस आणण्यात आले. त्याच सुमारास, १८७२ पासून, जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली या शाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करीत होते. ती वेलबुट्टी आणि ती मानवाकृती सिंधी झिलईच्या फुलदाण्यांवर उतरली. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात यांतील काही भांडी पाहावयास मिळतात. निळ्या-हिरव्या रंगांतले ते घाट अजूनही टवटवीत आहेत.

त्या भांड्यांची ओळख आज शाळेच्या आणि टेरींच्या नावाने होते. सिंधहून घरदार सोडून आलेल्या त्या कुंभारांपैकी एकाचे तरी नाव आपणांपैकी किती जणांना सांगता येईल? झिलई त्यांची, भट्टीची पारख त्यांची. न्यू ऑर्लिन्सच्या भांड्याच्या तळावर मेयरची दोन अक्षरे का मोलाची, ते येथे कळते.

आमची चूक

आता आमच्या प्रदर्शनाकडे परत येतो, कारण एक गोष्ट कबूल करावयाची राहिली आहे. विक्रीच्या समितीत आम्हीही होतो. फुलदाण्या कुंभारांनी देणगी म्हणून द्याव्या हा ठराव आमच्याही संमतीने झाला. "त्यांचे चाक तर रोज चालतेच," असे कोणी म्हणाले आणि आम्हांला ते पटले. प्रदर्शन संपल्यावर जमाखर्च मांडला. मंडपवाल्याचे पैसे दिले होते. छापखान्याचे दिले होते. सभागृहाचे भाडे दिले होते. चहावाल्याचेही चुकते झाले होते. ज्या वस्तूंसाठी लोक आले त्या वस्तू करणाऱ्यालाच तेवढे काही दिले नव्हते. त्यांची माती, झिलईचे सामान, दोन भाजण्यांचे जळण आणि सुमारे महिनाभराची मेहनत, यांपैकी एकाही रकमेला त्या कागदावर रकाना नव्हता.

आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि हे बोलून दाखवले. ते म्हणाले, "साहेब, दिलं ते दिलं. पण पोरं उद्या हा धंदा शिकून बाहेर पडतील, तेव्हा त्यांच्याकडूनही असंच मागाल ना?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. हातकाम शिकून मुलांनी पोट भरावे म्हणून ही शाळा. आणि तिच्यासाठी पैसा उभा करताना हातकाम हे फुकट मागावयाचे काम आहे, असा धडा आम्ही पहिल्याच दिवशी घालून दिला होता. भट्टी उभी राहिली असती, पण त्या भट्टीत भाजलेल्या भांड्याला बाजारात किंमत कोणी दिली असती?

पुढच्या वर्षी समितीने तीन गोष्टी बदलल्या. घडवणाऱ्याचा मोबदला आधी ठरवून आधीच चुकता करावयाचा आणि त्यावर जे मिळेल तेवढेच शाळेचे. ज्यांना देणगी द्यावयाची असेल त्यांच्यासाठी पेटी वेगळी. वस्तूची किंमत वस्तूचीच. आणि प्रत्येक भांड्याच्या तळावर घडवणाऱ्याची खूण. विक्रीतला शाळेचा वाटा पहिल्या वर्षीपेक्षा कमी पडला, हे लपवण्यात अर्थ नाही. भट्टी एक वर्ष उशिरा झाली. तरीही मुलांसमोर तो जमाखर्च फळ्यावर मांडून दाखवता आला, आणि त्यात कुंभारांचा रकाना सर्वांत वर होता.

वाचकांना शेवटी एवढेच सुचवावेसे वाटते की अशा विक्रीला जाल तेव्हा वस्तू नीट पारखून घ्यावी. ती उलटी करून तळ पाहावा. पेराने वाजवून नाद ऐकावा. घरी आणल्यावर पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवावी. सकाळी कागद कोरडा असला पाहिजे. ओला झाला तर परत नेऊन सांगावे. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही. गप्प राहून केलेल्या दयेपेक्षा अशी तक्रार त्याला अधिक मानाची वाटते. आणि वस्तू पसंत पडली तर ती कोणी घडवली हे विचारावे आणि मागितलेली किंमत द्यावी.

त्या पहिल्या सव्वीसांतली एक फुलदाणी आमच्या घरी आहे. तिची मान किंचित डावीकडे कललेली आहे, म्हणून ती शेवटपर्यंत विकली गेली नव्हती. सध्या तिच्यात निशिगंधाच्या चार काड्या आहेत. तिच्या तळावर खूण नाही. पाहुण्यांनी विचारले तर ती कोणी घडवली हे आम्ही तोंडाने सांगतो.